आवाज स्वतः साफ करून पाठवू नका

व्हिडिओसाठी रेकॉर्ड केलेला आवाज साफ करून देणं हे आमचं काम. हल्ली फाइलबरोबर एक निरोप हमखास येतो : "नॉइज (मागचा नको असलेला आवाज) आम्ही काढलाय, तुम्ही फक्त आवाज थोडा खुलवा." आमचं काम हलकं व्हावं, हाच हेतू असतो. पण अशा फाइलला वेळ जास्त लागतो आणि मूळ रेकॉर्डिंगवरून जेवढं चांगलं झालं असतं तेवढं ती कधीच होत नाही. म्हणून हे सविस्तर सांगतो.

नॉइज काढणारं सॉफ्टवेअर आवाजाचे फ्रीक्वेन्सीनुसार पट्टे पाडतं आणि ज्या पट्ट्यात नुसती पंख्याची घरघर आहे असं त्याला वाटतं, तो दाबून टाकतं. आता 'स', 'श' काय किंवा 'ख', 'थ' मधला हकार काय, हे सगळे हवेचेच आवाज. पंख्याच्या वाऱ्यात आणि त्यांच्यात सॉफ्टवेअरला फारसा फरक दिसत नाही. स्लायडर जरा जास्त ओढला की 'खरं' हे 'करं' ऐकू येतं, वाक्याच्या शेवटी हळू पडलेला शब्द गिळला जातो आणि मागे पाण्याखालून बोलल्यासारखी खळखळ उरते. मोबाइलच्या स्पीकरवर हे जाणवत नाही, हेडफोन लावला की लगेच कळतं. गेलेला हकार परत आणायचा तर तोच शब्द त्याच माणसाने दुसरीकडे कुठे उच्चारलाय ते शोधायचं आणि तिथून उचलून बसवायचा. वेळ जातो तो इथे. आधी साफ केलेल्या फाइलला आम्ही जास्त दिवस मागतो, त्याचं कारण हेच.

तेव्हा कॅमेऱ्यातली किंवा रेकॉर्डरमधली मूळ फाइल, आहे तशी पाठवा. नव्याने रेकॉर्ड करणार असाल तर रेकॉर्डरचं सेटिंग वेव्ह (.wav) फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असं ठेवा. फोनवर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड झालं असेल तर ते वेव्हमध्ये बदलत बसू नका, त्याने दर्जा वाढत नाही. चॅट अ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलं की आवाज पुन्हा कॉम्प्रेस होतो. ड्राइव्हची लिंक द्या, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. पार्श्वसंगीत वेगळ्या ट्रॅकवरच राहू द्या.

आणखी एक, फार उपयोगाचं. शूटिंग संपलं की सगळ्यांनी गप्प राहून त्याच खोलीत, त्याच माइकवर ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. नॉइजचा नमुना म्हणून ती लागतेच, शिवाय दोन वाक्यांच्या मधला खोकला कापला की तिथे पडणारा खड्डा तिनेच भरता येतो.

आमच्याकडे आधी टकटक आणि विजेची गुणगुण निघते. गुणगुण ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत १००, १५० वर बसलेली असते (वीज ६० हर्ट्झची असेल तर ६०, १२०). मग ८० हर्ट्झच्या खालची धडधड काढतो. नॉइज रिडक्शन एकदम जोरात न लावता हलक्या हाताने दोनदा करतो. त्यानंतर ईक्यू (जाड-पातळ स्वरांचा तोल साधणं), डी-एसर ('स', 'श'ची टोचणी कमी करणं), कॉम्प्रेसर (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं). "मागचा आवाज पूर्ण का नाही काढला?" असं पुष्कळ जण विचारतात. तो आम्ही मुद्दाम थोडा ठेवतो. शब्दांच्या मधे ठार शांतता केली तर प्रत्येक शब्दाबरोबर खोलीचा आवाज चालू-बंद होतो आणि ऐकणारा थकतो. संगीत चढलं की तो उरलेला आवाज कुणाला ऐकूही येत नाही.

"आवाज जास्तीत जास्त मोठा करून द्या" हेही नको. यूट्यूब मोठे आवाज साधारण −१४ एलयूएफएसपर्यंत (कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो, त्याचं माप) खाली आणतं. ओढूनताणून मोठा केलेला आवाज तिथे तेवढाच वाजतो, फक्त चपटा होऊन.

रेकॉर्डिंगची पातळी मीटरवरच्या लाल रेषेच्या पुढे जाऊन फाटलेला आवाज आणि रिकाम्या खोलीतला घुमारा, या दोन गोष्टी आम्ही बऱ्याच कमी करतो, पूर्ण घालवू शकत नाही. त्या शूटिंगलाच टाळायच्या. कॉलर माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा, सर्वांत मोठ्याने बोलताना मीटरवरची पातळी −१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या.

शूटिंग मोठं असेल तर सुरू करण्याआधी त्याच जागेतलं, त्याच माइकवरचं दोन मिनिटांचं बोलणं आम्हाला पाठवा. आम्ही ऐकून माइक हलवायचा का, पंखा बंद करायचा का, ते कळवतो. नेहमीच्या ग्राहकांकडून याचे पैसे घेत नाही, नव्यांकडूनही नाही.