एलायझा कॅलाघन: एक खोटी नोट आणि चौदा वर्षे

मेलबर्न शहराच्या स्थापनेची गोष्ट जॉन बॅटमनच्या नावाने सांगितली जाते. त्याची बायको एलायझा कॅलाघन ही खोट्या नोटेपायी हद्दपार झालेली कैदी होती, हे त्या गोष्टीत एका ओळीत उरकतात. ती ओळ समजून घ्यायची तर सुरुवात बँक ऑफ इंग्लंडपासून करावी लागते.

फ्रान्सशी लढाई चालू असताना फेब्रुवारी 1797 मध्ये बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद केले. तोवर सर्वांत लहान नोट पाच पौंडांची होती. गरिबाच्या हाती ती येणार कुठून? आता एक आणि दोन पौंडांच्या नोटा निघाल्या. पातळ कागद, एकाच बाजूला काळी छपाई आणि खाली कारकुनाची सही, एवढाच त्यांचा थाट. जरा हात बसलेल्या कोरक्यालाही नक्कल जमावी. बर्मिंगहॅमकडून अशा नोटांचे गठ्ठे स्वस्तात सुटत आणि त्या खपवायला बायका पुढे केल्या जात. दुकानात जायचे, किरकोळ काहीतरी घ्यायचे, नोट द्यायची आणि उरलेली मोड चांदीच्या नाण्यांत घेऊन निघायचे. दुकानदारही सावध असे; तो नोटेवरच गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता लिहून ठेवी. नोट खोटी ठरून परत आली की त्या पत्त्यावर शोध सुरू. पत्ता बनावट निघाला, तर बाईला सगळे ठाऊक होते याचा तोच पुरावा.

नोट चालवली तर फाशी. 1801 च्या कायद्याने नुसती बाळगण्याला चौदा वर्षांची हद्दपारी ठेवली, आणि बँकेचे वकील अनेकांना हा धाकटा गुन्हा कबूल करून जीव वाचवू देत. तरीही 1797 ते 1821 या काळात नोटांपायी तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली. 1819 मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकने फासावर लटकणाऱ्यांची चित्रे असलेली एक नोटच काढून बँकेची खिल्ली उडवली. नक्कल होणार नाही अशी नोट काढण्याऐवजी बँकेने माणसे पकडण्यावर पैसा ओतला, हे मला त्या सगळ्यात जास्त खटकते.

एलायझा आयर्लंडमधली. 1820 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तिला चौदा वर्षे झाली तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. 1821 मध्ये ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजाने ती व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला पोहोचली. आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान डोळ्यांपुढे येते; इंग्रज सरकारने त्याआधी कितीतरी वर्षे आपल्याच गोरगरिबांना असे समुद्रापार धाडले होते. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या अशा बायकाच सुमारे पंचवीस हजार.

तिथे कैदी बाईला एखाद्या वसाहतवाल्याच्या घरी मोलकरीण म्हणून नेमत. तिच्या नावाचे पान वर्तणूक-वहीत उघडे आणि त्यात तारीख, मालकाचे नाव, अपराध, शिक्षा आणि मॅजिस्ट्रेटची आद्याक्षरे भरली जात. नीट वागलेले महिने त्या पानावर कोरेच राहतात. म्हणून अशा बाईचा माग काढताना ती पळाली, प्याली, उलट बोलली तेवढेच हाती लागते. एलायझाही पळाली, आणि बेन लोमंड डोंगराजवळच्या आपल्या मळ्यावर बॅटमनने तिला लपवले. कैद्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागे. ती मिळवून 29 मार्च 1828 रोजी लॉन्सेस्टनला त्यांचे लग्न झाले. मुली तर आधीच झाल्या होत्या. पुढे सात मुली आणि एक मुलगा असा संसार झाला.

1835 मध्ये बॅटमनने पोर्ट फिलिपला, म्हणजे आजच्या मेलबर्नच्या भागात, मूळ रहिवाशांकडून चादरी, चाकू, आरसे, पीठ देऊन सुमारे सहा लाख एकर ‘विकत’ घेतले. गव्हर्नर बर्कने तो करार रद्द ठरवला, पण वस्ती हटली नाही. मूळ रहिवाशांना पकडण्याच्या मोहिमांत याच बॅटमनने हाती लागलेल्यांना गोळ्या घातल्या होत्या, हेही विसरू नये.

मे 1839 मध्ये उपदंशाने खंगून तो मेला तेव्हा एलायझा त्याच्याजवळ नव्हती. ती इंग्लंडला निघून गेली होती. मृत्युपत्रात तिच्या वाट्याला आले पाच पौंड. परतल्यावर तिने बॅटमनचाच जुना कारकून विलोबी याच्याशी लग्न केले. 1845 मध्ये एकुलता मुलगा यारा नदीत बुडाला.

कागदपत्रांत ती कुठे कॅलाघन, कुठे थॉम्पसन, मग बॅटमन, मग विलोबी. शेवटी तर पहिले नावही बदलले. मार्च 1852 मध्ये जिलाँग गावात सारा विलोबी नावाच्या एका बाईचा खून झाला, ती हीच.