पाच टक्क्यांची अट संस्थेला नाहीच

‘सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायच्या) पैशातून संस्थेला पगार-भाड्यासाठी ५ टक्क्यांवर दमडी मिळत नाही’ असं कोल्हापुरातल्या छोट्या संस्थांमध्ये सर्रास ऐकू येतं. साफ चूक. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्येच तसं स्पष्ट केलंय.

तरीही कंपन्यांकडून वह्या, ब्लँकेटं मिळतात (फोटोत कंपनीचा फलक ठळक हवा!) आणि चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्तीचं पेट्रोल तिच्याच पदरचं. २०१९ च्या महापुरात शिरोळकडे मदतीचे ट्रक गेले. पण ती मदत कुणाच्या दारात पोचायला हवी, हे गाव ओळखणाऱ्यालाच कळतं. प्रस्तावात पगार, प्रवास, हिशेबनीस हे सगळं उघड लिहा. कंपनीचा अधिकारी अडलाच, तर मंत्रालयाचा खुलासा सोबत जोडा.