‘नका’ ऐकू येण्यासाठी

गणपतीच्या मंडपात संध्याकाळी हे हमखास घडतं. पेनड्राइव्हवरची भजनं चालू असतात. एक कार्यकर्ता धावत येतो, माइक उचलतो आणि सांगू लागतो, ‘‘लाल शर्ट घातलेला, पाच वर्षांचा...’’ पुढचं सगळं ढोलकीत बुडतं. कुणीतरी ओरडतं, ‘‘आवाज वाढव!’’ माइकचा नॉब फिरतो, कर्ण्यातून कर्कश शिट्टी निघते, आणि त्या मुलाची आई अजून गर्दीतच त्याला शोधत असते.

आवाज वाढवून इथे भागत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून ॲम्प्लिफायरला साधारण दहापट पॉवर लागते, आणि १०० वॉटच्या यंत्रात ती आणायची कुठून? उलट गाणं २० डेसिबलनं खाली आणलं तर त्याची पॉवर शंभरावा भाग उरते, आणि बोलणं आहे त्याच पातळीवर मोकळं होतं. शिवाय ढोलकीसारखे खालच्या पट्टीतले जोरकस ठोके वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतात. ‘स’, ‘श’, ‘त’ यांची ओळख नेमकी त्या बारीक आवाजांतच असते.

म्हणून घोषणांसाठी बनवलेल्या बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये एखाद्या इनपुटला, बहुधा पहिल्या माइकला, अग्रक्रम देण्याची सोय असते. त्या माइकवर कुणी बोललं की बाकीचे इनपुट आपोआप दबतात. किती दबावेत हेही काही यंत्रांत ठरवता येतं. मंडपात मी गाणं पूर्ण बंद न करता मागे हलकंसं राहू देईन. आगीची सूचना असेल तिथे मात्र पूर्ण शांतता हवी.

यंत्राला ‘कुणी बोलतंय’ हे कळतं कसं? एक पद्धत आवाजावरून ओळखण्याची. माइकच्या सिग्नलवर एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, भारित होतो, त्याचा विद्युतदाब ठरावीक पातळीच्या वर गेला की गाणं दाबलं जातं. बोलणं थांबलं की तो कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू रिकामा होतो आणि गाणं परत येतं. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर एका सेकंदात हा विद्युतदाब सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. सोपं, स्वस्त आणि हात न लावता चालणारं.

पण मराठी बोलणाऱ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा. आपल्या वाक्यातला नकार बहुतेक वेळा शेवटी येतो. ‘‘या जिन्यानं खाली... जाऊ नका.’’ वाक्य संपताना आवाज उतरतो, माणूस मध्ये श्वास घेतो. कपॅसिटर फार लवकर रिकामा होत असेल, तर त्या श्वासाच्या जागीच गाणं उसळी मारतं आणि ‘नका’ गिळून टाकतं. लोकांनी ऐकलेलं असतं, ‘या जिन्यानं खाली जाऊ’! सुरुवातीलाही तोच धोका. ‘असुरक्षित’मधला ‘अ’ किती छोटा असतो! यंत्राला जाग यायच्या आत तो गाण्याखाली गेला की उरतं ‘सुरक्षित’. म्हणून गाणं दबण्याचा वेळ शक्य तितका कमी आणि परत येण्याचा वेळ दोन-तीन सेकंद तरी ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. घोषणेनंतर दोन सेकंद शांत गेली तर कुणाचं काही बिघडत नाही.

ओळखण्याची पातळी लावणंही नाजूक काम. ती फार खाली ठेवली तर माइकजवळचा टेबलफॅनसुद्धा वक्ता ठरतो आणि गाणं सारखं वरखाली होतं. फार वर ठेवली तर हळू बोलणाऱ्या आजींना यंत्र जुमानत नाही.

यापेक्षा भरवशाची दुसरी पद्धत म्हणजे बटण. ॲम्प्लिफायरच्या मागे असलेली दोन टर्मिनलं माइकच्या स्टँडवरच्या स्विचनं जोडली की अग्रक्रम सुरू, सोडली की बंद. त्या टर्मिनलांना बाहेरचा व्होल्टेज मात्र द्यायचा नाही. नुसता स्विच हवा. बटण दाबायचं, मनात एक आकडा मोजायचा, मग बोलायचं. पहिला ‘अ’ वाचतो.

इनपुट जास्त असतील तर उतरंड ठरवावी लागते: आगीची सूचना सगळ्यांवर, तिच्याखाली माणसाचा माइक, मग रेकॉर्ड केलेली निवेदनं, तळाशी गाणी.

शाळेत किंवा इस्पितळात आणखी एक गोष्ट निसटते. तिथे १०० व्होल्टच्या लाइनवर खोलीखोलीत स्पीकर असतात आणि भिंतीवर आवाज कमी-जास्त करायचा नॉब. कुणी तो शून्यावर नेला असेल, तर ॲम्प्लिफायरनं कितीही अग्रक्रम दिला तरी त्या खोलीत शुकशुकाट. त्यासाठी आत रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, असलेले नॉब मिळतात. घोषणेच्या वेळी जादा तारेतून बहुधा २४ व्होल्ट येतात, रिले ओढला जातो आणि सिग्नल नॉबला वळसा घालून थेट स्पीकरला पोहोचतो. वायरिंग करतानाच ती जादा तार ओढून ठेवावी. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

सगळं लावून झालं की गाणं नेहमीच्याच आवाजात सुरू करा आणि सर्वांत लांबच्या स्पीकरखाली जाऊन उभे राहा. एखाद्याला माइकवरून सावकाश, मध्ये श्वास घेत म्हणायला सांगा: ‘‘असुरक्षित जिना आहे. इकडे... येऊ नका.’’ ‘अ’ आणि ‘नका’ दोन्ही कानावर येईपर्यंत पातळी आणि वेळ ठरवणारे स्क्रू फिरवत राहा.