पैशाचा धडा आला, पण शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काय?

शाळेत पैशाबद्दल शिकवणं ही काही आजची गोष्ट नाही. आधी संचयिका होती, म्हणजे शाळेतलीच छोटी बँक, मुलं खाऊचे पैसे भरायची आणि बाई-सर नोंदी ठेवायचे. पण भर सगळा बचतीवर, कारण पोस्ट, एलआयसी आणि एफडीच्या पलीकडे बहुतेक घरं जातच नव्हती.

पुढे डिमॅट (शेअर ठेवायचं खातं), क्रेडिट कार्ड, एसआयपी (दर महिन्याला थोडी थोडी गुंतवणूक) आलं आणि नुसतं 'साठवा' सांगून भागेना. 2013 च्या सुमारास आर्थिक शिक्षणाचं राष्ट्रीय धोरण आलं, एनसीएफई म्हणजे राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्र सुरू झालं, त्याच्यामागे रिझर्व्ह बँक, शेअर बाजारावर नजर ठेवणारी सेबी, विम्यावरची आयआरडीएआय आणि पेन्शनवरची पीएफआरडीए. सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी एफईटीपी हे ट्रेनिंग त्यांचंच, ते केलेल्यांना 'मनी स्मार्ट टीचर' म्हणतात. तरी एनसीएफईच्याच 2019 च्या सर्व्हेत देशात आर्थिक साक्षर निघाले फक्त 27 टक्के.

आपल्याकडे शिक्षकांची कसोटी लागली ती बालभारतीच्या नव्या पुस्तकांनी. नववीच्या गणितात 2017 ला अर्थनियोजन आलं, 2018 ला दहावीत जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला, म्हणजे व्यापारी आणि सीए लोकच अजून चाचपडत होते आणि गणिताच्या सरांनी तो फळ्यावर समजावायचा! 120 रुपयांच्या शेअरवर अर्धा टक्का दलाली म्हणजे 60 पैसे, आणि 18 टक्के जीएसटी त्या 60 पैशांवर लागतो, 120 वर नाही, हे उदाहरण सुटतं हो, पण पोरगं विचारतं 'सर, मग शेअर घ्यावा का?' आणि ज्याने कधी डिमॅट उघडलेलं नाही त्याला तिथे अडायला होतं, यात त्याचा काय दोष.

यातली एक बाजू मला फार महत्त्वाची वाटते. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली, आधी डीसीपीएस, मग एनपीएस, या पगारातून कपात करून पैसे गुंतवणाऱ्या पेन्शन योजना आल्या, म्हणजे शिक्षकाचं स्वतःचं म्हातारपण मार्केटशी बांधलं गेलं, मार्च 2023 च्या संपात जुन्या पेन्शनचीच तर मागणी होती. म्हणून ट्रेनिंग पीपीटीने नको, सरांच्या पगार स्लिपपासून सुरू करा, एनपीएसची कपात किती, ती कुठे गुंतते, पतपेढीच्या कर्जाचं व्याज एकूण किती जातं, हे त्यांनी एकदा स्वतः मांडून बघितलं की वर्गात पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला तरी ते अडणार नाहीत.