दाताला लागलेली कीड कुणी पाहिली आहे?

धान्याला कीड लागते, लाकडाला लागते, तशी दातालाही लागते असं आपण धरून चालतो. शब्दच असा आहे की दाढेच्या खड्ड्यात बसलेली अळी डोळ्यांपुढे येते. आठवडी बाजारात या एका शब्दावर पोट भरणारे लोक असत. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायच्या, त्यांचा धूर नळीने दुखऱ्या दाढेला द्यायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात पडलेल्या बारीक पांढऱ्या ‘अळ्या’ गिऱ्हाइकाला दाखवायच्या. युरोपात हाच खेळ खुरासनी ओव्याच्या बियांवर चाले. दोन्ही झाडं वांग्याच्या कुळातली. या कुळातल्या बियांच्या पोटात भ्रूण वळवटासारखा वाकडा बसलेला असतो. उष्णतेने बी तडकली की तो बाहेर पडतो आणि हुबेहूब अळी दिसतो. दाताचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातातल्या अळीची कल्पना १७२८ सालीच झिडकारली होती. खरं कारण मात्र १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने नीट मांडलं. तोंडातले जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेपासून आणि पिष्टापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे दात पोखरला जात नाही, तो विरघळतो. या दोन क्रियापदांतला फरक बारीक वाटेल, पण सगळी दंतनिगा त्यावरच उभी आहे. पोखरणं एकाच दिशेने चालतं. विरघळणं उलट फिरवता येतं.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो आणि ते खनिज म्हणजे कॅल्शिअम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचा स्फटिक, हायड्रॉक्सिअपेटाइट. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच. पण यात जिवंत पेशी नाही. हाड मोडलं तर जुळतं, एनॅमलचा तुकडा उडाला तर तो पुन्हा उगवत नाही. त्याची जी काही डागडुजी होते ती बाहेरून, लाळेतून.

लाळेत कॅल्शिअम आणि फॉस्फेट इतकं असतं की एनॅमलच्या दृष्टीने ती अतिसंपृक्त असते. साखरेच्या गच्च पाकात खडीसाखरेचा खडा टाकला तर तो विरघळत नाही, उलट त्याच्यावर थर चढतो, तशी ही स्थिती. आम्ल आलं की हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, दोन ठिकाणी घाव घालतात. फॉस्फेटला चिकटून त्याचं हायड्रोजन फॉस्फेट करतात आणि हायड्रॉक्सिलशी मिळून पाणी होतात. स्फटिकाला लागणारे दोन घटक असे द्रावणातून कमी झाले की पाक पातळ होतो आणि खडा विरघळू लागतो. सामू (pH) म्हणजे आंबटपणाचं माप, तो ७ च्या जितका खाली तितकं आम्ल जास्त. साधारण ५.५ सामूच्या खाली हे सुरू होतं. हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. ज्याच्या लाळेत कॅल्शिअम-फॉस्फेट कमी, त्याचा दात याच्याही आधी विरघळू लागतो. दाताच्या मुळावर एनॅमल नसतं आणि तिथलं खनिज ६.२ ते ६.४ सामूलाच हार मानतं. उतारवयात हिरड्या खाली सरकल्यावर मुळाशी खड्डे पडतात ते यामुळे.

आम्ल बनवणारे जिवाणू दातावर चिकट थर करून राहतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा त्यांतला नामचीन. साध्या साखरेपासून तो आम्ल तर करतोच, शिवाय साखरेचे रेणू जोडून एक चिकट बहुशर्कराही करतो आणि तिच्या जोरावर गुळगुळीत दातालाही धरून बसतो. जीभ दातावरून फिरवली की सकाळी जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच थर.

गोड तोंडात गेलं की या थराचा सामू काही मिनिटांत ७ च्या आसपासून ५ किंवा त्याखाली घसरतो. मग लाळेतलं बायकार्बोनेट त्या आम्लाला मारायला लागतं आणि सामू पूर्ववत यायला अर्धा ते एक तास जातो. रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हा आलेख मोजून काढला आणि दंतवैद्यकात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यातली मेख अशी की चमचाभर साखर खा की चार चमचे, घसरण साधारण तेवढीच. फरक पडतो तो दिवसातून किती वेळा घसरण होते याने.

आता एक साधा दिवस घ्या. सातला चहा-खारी, नऊला पोहे आणि पुन्हा चहा, अकराला ऑफिसचा चहा, एकला जेवण, चारला चहा-बिस्किट, सहाला मूठभर वेफर्स, साडेआठला जेवण, झोपताना साखर घातलेलं दूध. आठ वेळा, दर वेळी ४० मिनिटं धरली तरी पाच तास वीस मिनिटं दात आम्लात बसला. कुणी टेबलावर गोड कॉफीचा मग ठेवून दोन तास घोट घोट पीत असेल, तर त्याचा हिशेब वेगळाच. जेवणात चार जिलब्या खाणारा माणूस दिवसभर तोंडात गोळी चघळणाऱ्यापेक्षा दातांच्या बाबतीत सुरक्षित असतो. खारी, वेफर्स गोड नाहीत म्हणून निरुपद्रवी समजू नयेत. शिजलेल्या पिष्टाची लाळेत साखर होते आणि तो लगदा दाढेच्या खाचेत तासभर मुक्काम करतो.

रात्रीची गोष्ट सर्वांत वाईट. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण झोपेत तिचा झरा जवळपास आटतो. दूध पिऊन, बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांची चाळण होते ती याच कारणाने. खोकल्याचं गोड औषधही पाजल्यावर लगेच निजवू नये, आधी घोटभर पाणी पाजावं.

आता माझा आवडता भाग. खड्डा पडण्याच्या बऱ्याच आधी, कित्येकदा वर्ष-दोन वर्षं, दातावर खडूसारखा पांढरा डाग येतो. बहुधा हिरडीला लागून, तिच्या कडेला समांतर. मजा अशी की दात ओला असताना हा डाग दिसत नाही. दंतवैद्य हवेचा फवारा मारून चार-पाच सेकंद दात वाळवतात, तेव्हा तो उमटतो. असं का? भज्यांखालचा कागद आठवा. कोरडा कागद अपारदर्शक असतो, कारण तंतूंच्या मधे हवा असते आणि तंतू-हवेच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो. तेल झिरपलं की हवेच्या जागी तंतूच्या जवळपासच्या अपवर्तनांकाचा, म्हणजे प्रकाशाला जवळपास तेवढंच वाकवणारा, पदार्थ येतो, विखुरणं थांबतं आणि कागदाच्या आरपार दिसू लागतं. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. खनिज निघून गेल्याने एनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात. ती पाण्याने भरलेली असतील तर फरक ०.२९, वाळवली तर ०.६२. फरक दुपटीहून वाढला की प्रकाश विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. म्हणजे नुसती हवा मारून खोलीही कळते. वाळवल्यावरच दिसणारा डाग एनॅमलच्या बाहेरच्या भागापुरता असतो. ओल्या दातावरही दिसत असेल तर छिद्रं खूप वाढलीत आणि नुकसान बरंच आत गेलं आहे.

दुसरी गंमत म्हणजे या डागाचा वरचा पापुद्रा बऱ्यापैकी शाबूत असतो, पोकळी त्याच्या खाली असते. आतून विरघळून बाहेर निघालेलं कॅल्शिअम-फॉस्फेट वाटेत पृष्ठभागाशी पुन्हा जमतं आणि तिथे फ्लोराइडही जास्त असतं, म्हणून छप्पर टिकतं. हे छप्पर आहे तोवर डाग दुरुस्त होऊ शकतो. टोकदार सळईने टोचून ‘कीड आहे का’ बघण्याची जुनी पद्धत आता टाळतात ती म्हणूनच. टोचलं की छप्पर कोसळतं आणि मग फिलिंगशिवाय इलाज नाही. पिन, टाचणी, सेफ्टीपिन यांनी दात कोरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

दुरुस्ती करतो फ्लोराइड. सामू खाली असताना तो स्फटिकाच्या पृष्ठभागाला चिकटून विरघळणं रोखतो. सामू वर येताना कॅल्शिअम-फॉस्फेटला ओढून नवा थर बसवतो आणि त्या थरात हायड्रॉक्सिलच्या काही जागा स्वतः घेतो. असं फ्लोरअपेटाइट साधारण ४.५ सामूपर्यंत तग धरतं. म्हणजे ५.५ ते ४.५ या पट्ट्यात जुनं खनिज विरघळत असतानाच त्याहून चिवट खनिज बसत असतं. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं, पोटात गेलेल्या फ्लोराइडचा त्यात फारसा वाटा नाही.

‘फ्लोराइड विष आहे’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश पूर्ण हवेतला नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात जादा फ्लोराइड गेलं की हे होतं. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे फ्रेडरिक मॅके यांनी १९०१ पासून असेच डागाळलेले दात पाहिले, त्यांना कीड कमी लागते हेही त्यांच्या लक्षात आलं आणि १९३१ मध्ये कारण सापडलं ते पाण्यातलं फ्लोराइड. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. आता पेस्टचं गणित मांडू. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंत चालतं, म्हणजे ग्रॅमला १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम, आणि तीही थुंकायची. दीड मिलिग्रॅमचं पाणी दोन लिटर प्यायलात तर रोज ३ मिलिग्रॅम पोटात. घाबरायचंच तर पाणी तपासून घ्या.

तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लांबलचक नागमोडी पेस्ट फक्त ट्यूब लवकर संपवते. वेष्टनावर फ्लोराइडचा आकडा छापलेला असतो, तो बघून घ्यावा. काळ्या कोळशाच्या, जडीबुटीच्या कित्येक पेस्टांवर तो नसतोच. जाणकारांसाठी एक बारकावा: खडूची पूड असलेल्या पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड घातलं तर ते कॅल्शिअमशी बांधलं जाऊन निकामी होतं. म्हणून तिथे सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. सिलिकाच्या जेलमध्ये साधं सोडियम फ्लोराइड चालतं.

घासून झालं की थुंकायचं आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत. तोंड स्वच्छ धुण्याच्या आपल्या संस्कारात हे पटकन बसत नाही, पण तीन चुळांत फ्लोराइड मोरीत जातं. अगदीच राहवत नसेल तर एक छोटा घोट घ्यावा. ब्रश मऊ हवा, केस हिरडीच्या कडेवर ४५ अंशांत टेकवलेले, जागच्या जागी बारीक हालचाल, एकूण दोन मिनिटं. आडवं, जोर लावून घासलं की हिरडीजवळ करवतीने कापल्यासारखी खाच पडते आणि गार पाणी झोंबू लागतं. राखुंडीनेही तेच होतं. मशेरी तर भाजलेला तंबाखूच आहे. तिने दात साफ होतात असं म्हणणाऱ्या बाईला त्या तंबाखूचं व्यसन लागलेलं असतं आणि गालाच्या आत कर्करोगाचा धोका वाढत असतो. लिंबूपाणी किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर अर्धा तास ब्रशला हात लावू नये, कारण मऊ पडलेलं एनॅमल घासून निघतं. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश.

निघायचा राहिलेला थर एक-दोन दिवसांत लाळेतल्याच खनिजाने कडक होऊ लागतो, त्याला कीटण म्हणतात. ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला सर्वांत जास्त साचतं, कारण लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या तिथे उघडतात. कीटण ब्रशने निघत नाही. ते काढल्यावर दात हलतात अशी ओरड असते. हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं, कीटणाने दात बांधल्यासारखे धरलेले असतात आणि ते निघताच खरी अवस्था कळते एवढंच.

घरात लहान मूल असेल तर महिन्यातून एकदा खिडकीपाशी उजेडात ओठ वर उचलून, दात कापसाने पुसून, हिरडीलगतची पांढरी रेघ शोधावी. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून बरेच पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा कित्येकदा ०.१ मिलिमीटरच्या, ब्रशचा केस साधारण ०.२ मिलिमीटरचा. कितीही घासा, केस आत जातच नाही.

म्हणून त्या खाचा बुजवून टाकतात. ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल पंधरा ते तीस सेकंद लावतात, म्हणजे जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप तेच मुद्दाम करतात. धुऊन वाळवलं की दाढेचा माथा खडूसारखा पांढरा दिसतो. सूक्ष्म छिद्रांत हवा शिरल्याची ही तीच खूण. त्या छिद्रांत पातळ राळ मुरते आणि निळ्या प्रकाशात घट्ट होते. या मधल्या मिनिटभरात दाढेवर लाळेचा एक थेंब जरी पडला, तरी छिद्रं लिंपली जातात, राळ धरत नाही आणि आम्ल लावण्यापासून सगळं पुन्हा करावं लागतं.