ऑनलाइन विपणन व संकेतस्थळे : ग्रामीण विदर्भातील लघुउद्योग

गावातला किंवा तालुक्याच्या ठिकाणचा छोटा उत्पादक, दुकानदार, बचत गट किंवा पर्यटकांना घरी उतरवणारे कुटुंब आपला माल वा सेवा मोबाइल आणि इंटरनेटच्या आधारे गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवते, त्या साऱ्या उद्योगाला ऑनलाइन विपणन म्हणतात. व्हॉट्सॲप, गुगल नकाशावरील नोंद, फेसबुक, इन्स्टाग्राम व यूट्यूबवरील पाने आणि स्वतःचे संकेतस्थळ ही त्याची मुख्य साधने. विदर्भाच्या गावांत ती साधारण याच क्रमाने वापरात येतात. संकेतस्थळाचा नंबर शेवटचा, आणि पुष्कळांचा तो लागतच नाही.

पार्श्वभूमी : 2016 मध्ये यूपीआय आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला. मेळघाटातले हरिसाल (ता. धारणी, जि. अमरावती) देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले ते याच वर्षी. जानेवारी 2018 मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस निघाले आणि छोट्या धंद्याला फुकटात दुकानाची काच मिळाली : कामाच्या वेळा, ठरावीक उत्तरे आणि 2019 पासून 500 वस्तूंपर्यंतचा कॅटलॉग. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) 256 जण बसतात, पण ज्यांनी विक्रेत्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून पहिली विक्री होताच समोरच्याला नंबर सेव्ह करायला लावणे हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचे काम आहे.

नकाशावरील नोंद : गुगल बिझनेस प्रोफाइल (2021 पर्यंत गुगल माय बिझनेस) फुकट आहे. खेड्यात अडचण येते ती पत्त्याची. घराला क्रमांक नसतो, गल्लीला नाव नसते, आणि वडगाव किंवा पिंपळगाव म्हटले तर कोणते, हा प्रश्न उभा राहतो. पत्ता टाइप करून भागत नाही. खूण बोटाने सरकवून नेमकी दारावर आणावी लागते आणि मजकुरात तालुका लिहावा लागतो. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराजवळ पर्यटक उतरवणाऱ्या घराला ही एक खूण अख्ख्या संकेतस्थळाइतकी उपयोगी पडते. त्याच्या पानावर खोल्यांच्या फोटोंआधी मुक्कामापासून प्रवेशद्वार किती दूर, मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते, ही माहिती हवी. पर्यटक फोनवर विचारतो तेही हेच.

संकेतस्थळाची रचना : शहरी नमुन्यातून उचललेले, मोठी सरकती चित्रे असलेले पान एका काडीच्या रेंजवर उघडतच नाही. हलके, एकाच पानाचे, मोबाइलवर अंगठ्याने वाचता येईल असे आणि वरच फोन व व्हॉट्सॲपचे बटण असलेले संकेतस्थळ इथे चालते. गुगलही आता संकेतस्थळाची मोबाइलवरची आवृत्तीच पाहून नोंद घेते.

सगळ्यात मोठे नुकसान होते मजकुराच्या बाबतीत. तालुक्याचा डीटीपीवाला फ्लेक्ससाठी केलेले डिझाइनच जेपीजी करून पानावर चढवतो. त्यावर ‘अस्सल वायगाव हळद’ ठळक अक्षरांत असते, पण ते चित्र असते. गुगलवर ‘वायगाव हळद’ शोधणाऱ्याला असे पान सहसा सापडत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा पानावर टाकला तर रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. मजकूर युनिकोड (कोणत्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या) देवनागरीतच हवा. ‘मुक्ता’सारखे खुले फॉन्ट फुकट मिळतात, आणि 2014 पासून संकेतस्थळाचे नावही देवनागरीत, ‘.भारत’ लावून घेता येते. माल ओळखीच्या नावाने शोधला जातो, तेव्हा ते नाव अक्षरांत लिहिलेलेच असले पाहिजे.

हंगाम हा रचनेचा दुसरा आधार. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार (फळाचा हंगाम) दिवाळीच्या आगेमागे तुटतो, मृग बहार फेब्रुवारीनंतर. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडचा बागायतदार बगीचा उक्ता व्यापाऱ्याला न देता थेट विकायचे ठरवतो, तेव्हा त्याच्या पानावर आज कोणता बहार सुरू आहे, पेटी किती किलोची, तोडणी कोणत्या दिवशी आणि गाडी कधी निघणार, हे चार ओळींत दिसले पाहिजे. मे महिन्यातही ‘ऑर्डर करा’ असे सांगणारे पान गिऱ्हाइकाचा विश्वास घालवते. त्यापेक्षा ‘पुढचा माल ऑक्टोबरपासून, नंबर देऊन ठेवा’ ही ओळ चांगली. ती दुरुस्त करणे घरातल्या मुलीला किंवा मुलाला मोबाइलवरून जमायला हवे. दर वेळी संकेतस्थळ बनवणाऱ्याला नागपूरला फोन करावा लागला तर ती ओळ बदलली जात नाही.

मालकी : डोमेन (संकेतस्थळाचे नाव), होस्टिंग (संकेतस्थळ ठेवायची भाड्याची जागा), गुगल प्रोफाइल आणि फेसबुक पान कोणाच्या ईमेलवर उघडले आहे, हे बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि इथेच छोटा माणूस नाडला जातो. बनवणाऱ्याने सगळे स्वतःच्या खात्यावर घेतलेले असते. वर्षभराने नूतनीकरणाचा संदेश त्यालाच जातो, तो नंबर बदलतो किंवा धंदा सोडतो, आणि फ्लेक्सवर, पिशवीवर, बिलावर छापलेले नाव मालकाच्या हातून जाते. मुदत संपलेले डोमेन ठरावीक काळानंतर कोणीही घेऊ शकतो. बनवणाऱ्याला पहिला हप्ता देण्याआधी धंद्याचा किंवा गटाचा स्वतंत्र ईमेल काढून डोमेन त्यावर नोंदवून घेणे आणि पासवर्ड आपल्या वहीत ठेवणे, एवढी काळजी पुरते. फुकटच्या सोयीवर सगळा भार टाकणेही धोक्याचे : गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट संकेतस्थळे कंपनीने मार्च 2024 मध्ये बंद केली.

नियम : खाद्यपदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआय (केंद्राचे अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागते, तिचा क्रमांक 14 अंकी असतो. पाकीटबंद माल ऑनलाइन विकताना निव्वळ वजन, कमाल किंमत व उत्पादकाचा पत्ता पानावर द्यावा लागतो. ताज्या संत्र्यावर जीएसटी नाही, हळदीच्या पावडरीवर आहे. असा करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. नागपुरी संत्रे, वायगाव हळद, भिवापुरी मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे, पण ती खूण लावायला विक्रेत्याने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते.

पोहोचवणी : खाजगी कुरिअर प्रत्येक पिनकोडला येत नाही. टपाल कार्यालय मात्र गावात किंवा शेजारच्या गावात असते, त्यामुळे हळद, तिखट, टसरचे कापड, बांबूच्या वस्तू स्पीड पोस्टाने जाऊ शकतात. नाशवंत संत्र्याला ही वाट सोयीची नाही. तिथे शहरातल्या एकेका वसाहतीची मागणी व्हॉट्सॲप ग्रुपवर गोळा करून सगळ्या पेट्या एकाच गाडीने पाठवण्याची पद्धत सोयीची पडते.