जागा ठरली की गिऱ्हाईक ठरलं

१९६२ साली अमेरिकेत स्वस्त मालाची तीन दुकानं उघडली. मार्चमध्ये मिशिगन राज्यातल्या गार्डन सिटीत केमार्ट, मे महिन्यात मिनेसोटातल्या रोझव्हिलला टार्गेट आणि जुलैमध्ये आर्कान्सातल्या रॉजर्सला वॉलमार्ट. धंद्याचं सूत्र तिघांचंही एकच होतं, नफा कमी आणि खप जास्त. तरीही वॉलमार्ट आणि टार्गेट यांचं गिऱ्हाईक पुढे वेगवेगळं होत गेलं. त्याला मालाची निवड आणि जाहिरातही कारणीभूत होती, पण पहिला फरक जागेनं पाडला. टार्गेट हे मिनिआपोलिसमधल्या डेटन या बड्या डिपार्टमेंट स्टोअर कंपनीचं अपत्य. ते शहराच्या उपनगरात, बऱ्यापैकी पगार असलेल्या कुटुंबांच्या शेजारी उभं राहिलं. वॉलमार्टच्या सॅम वॉल्टन यांनी मात्र इतरांना फारच लहान वाटणारी गावं धरली. स्वतःचं छोटं विमान चालवत ते वरून रस्ते आणि वस्ती पाहायचे आणि जागा हेरायचे. आपल्या गोदामातून ट्रक दिवसभरात पोचेल इतक्याच अंतरावर दुकान, हा त्यांचा शिरस्ता.

जागेचा हा प्रभाव मोजता येतो. डेव्हिड हफ या अमेरिकी अभ्यासकांनी १९६०च्या दशकात त्यासाठी एक सोपं सूत्र मांडलं. दुकानाची ओढ त्याच्या आकारासोबत वाढते आणि अंतरासोबत घटते. म्हणजे दुकानाच्या आकाराला अंतराच्या घातानं भागायचं. ओढ किती वेगानं घटते, हे अंतराच्या घातांकावरून (१ म्हणजे नुसतं अंतर, २ म्हणजे अंतराचा वर्ग) ठरतं आणि तो घातांक लोकांच्या प्रत्यक्ष खरेदीवरून काढावा लागतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. डॉलर जनरल या साखळीचं नेहमीचं दुकान साधारण ७,५०० चौरस फुटांचं असतं, तर वॉलमार्टचं सुपरसेंटर जवळपास १,८०,००० चौरस फुटांचं. पहिलं घरापासून १ किलोमीटरवर आणि दुसरं १० किलोमीटरवर आहे असं धरू. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला अंतर फार जाचतं. त्याच्यासाठी घातांक २ घेतला, तर एकाची ओढ ७,५०० आणि दुसऱ्याची १,८०,००० भागिले १००, म्हणजे १,८०० येते. दोन्हींच्या बेरजेतला हिस्सा पाहिला, तर शंभरातल्या ८१ फेऱ्या छोट्या दुकानाकडे. गाडीवाल्यासाठी घातांक १ घेऊ. आता सुपरसेंटरची ओढ १८,००० होते आणि छोट्या दुकानाच्या वाट्याला शंभरातल्या जेमतेम २९ फेऱ्या उरतात.

दुकानं तीच, गल्लीही तीच, तरी गिऱ्हाईक आपोआप वाटलं गेलं. मला या गणितातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गरीब माणूस स्वस्त दुकान निवडतो असं आपण सरसकट म्हणतो, पण पुष्कळदा तो फक्त जवळचं दुकान निवडत असतो. डॉलर जनरलची सुमारे ८० टक्के दुकानं वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावांत आहेत. तिथं पुडा लहान असतो, त्यामुळे बिल कमी होतं; वजनाच्या हिशेबात मात्र तोच माल अनेकदा महाग पडतो. गाडी काढून महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्याला हा भुर्दंड बसत नाही.

आपल्याकडच्या डी-मार्टनंही जागेचा विचार असाच नेटानं केला. २००२ साली पवईत पहिलं दुकान काढल्यावर कंपनी महाराष्ट्र-गुजरातेत आधीच्या दुकानांच्या आसपासच पसरली, तीही दाट मध्यमवर्गीय वस्ती पाहून आणि बहुतेक ठिकाणी स्वतःच्या मालकीच्या जागेत.

अमेरिकेत हा प्रश्न आता नगरपालिकांच्या दारात गेला आहे. डॉलर दुकानं, म्हणजे डॉलर जनरलसारखी स्वस्त मालाची छोटी दुकानं, दाटीवाटीनं उघडली की ताजी भाजी-फळं विकणारं किराणा दुकान त्या वस्तीत यायला कचरतं, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार असते. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरानं २०१८ मध्ये उत्तरेकडच्या गरीब भागासाठी नियमच केला: नवं डॉलर दुकान आधीच्या दुकानापासून किमान एक मैल दूर हवं.